पाहुण्याचा हातोडा

बेल वाजली तेव्हा उपेंद्र लुंगी-बनियनवर ओट्याशी उभा राहून पापलेटच्या तुकड्यांना मीठ-हळद चोळत होता. तुकडे चार होते आणि खाणारी माणसं तीन. चौथा तुकडा कुणाचा, यावर त्याचं आणि कुंदाचं हसतखेळत भांडण चाललं होतं. शुक्रवारचा दिवस म्हणजे आठवड्यातला असा एकच, की उपेंद्रला घड्याळ बघावं लागत नसे. बाकी सहा दिवस तो पहाटे पाचला दुबईतल्या मनखूलमधून गाडी काढायचा आणि दीड तास हायवे तुडवत अबुधाबीजवळच्या खलिफा सिटीतल्या एका व्हिलाच्या साईटवर पोचायचा; तिथला इंजिनिअर तो.

"रिद्धी, दार उघड गं."

"बाबा, आय हॅव मॅथ्स!" आतून उत्तर आलं. दहावीच्या परीक्षेला सात आठवडे उरले होते आणि त्यापुढे या घरात कुणाचंही काही चालत नव्हतं.

शेवटी हात पुसत उपेंद्रनेच दार उघडलं. बाहेर त्याच्या साईटवरचा अल्बेनियन गवंडी दालिप उभा होता. रोज चुन्याने माखलेला हा माणूस आज तपकिरी सूट घालून, दाढी घोटून, डोक्यावर पांढरी लोकरीची गोल टोपी चढवून आला होता. एका हातात प्लास्टिकची पिशवी, दुसऱ्या काखेत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी.

"फ्रायडे," दालिप म्हणाला. "खाने का टाइम."

उपेंद्रला मंगळवार आठवला. दोष कुणाचा म्हणाल, तर त्याच्याच जिभेचा. मंगळवारी साईटवर निघता निघता तो म्हणाला होता, "कभी घर आओ खाने पे. फ्रायडे को आ जाओ." पंधरा वर्षांत त्याने असं आमंत्रण निदान दोनशे माणसांना दिलं असेल. आपल्याकडे 'या एकदा जेवायला' म्हणतात ते निरोप घेण्यापुरतं. ऐकणाराही 'येऊ की' म्हणतो आणि दोघं आपापल्या वाटेला लागतात. दालिपने मात्र गंभीरपणे विचारलं होतं, कितने बजे? आणि उपेंद्रने हसत उत्तर दिलं होतं, खाने के टाइम. मग हा बाबा अबुधाबीकडच्या मुसफ्फाच्या लेबर कॅम्पवरून सकाळी सहाला निघाला, दोन बस बदलून, व्हिजिटिंग कार्डवरचा पत्ता दहा जणांना दाखवत इथवर आला.

"आओ, आओ," उपेंद्र म्हणाला आणि कुंदाकडे न बघता लुंगी सावरत बाजूला झाला.

दालिपने बूट काढले. मग काखेतलं फडकं सोडून आतला हातोडा त्याने दोन्ही हातांनी उपेंद्रपुढे धरला. दगड घडवायचा हातोडा तो; दांडा हाताच्या घामाने काळा पडलेला. हे काय प्रकरण, ते उपेंद्रला कळेना. त्याने हातोडा घेतला आणि चपलांच्या स्टँडवर रिद्धीच्या शाळेच्या बुटांशेजारी ठेवून दिला. दालिपने स्टँडकडे पाहिलं. मग वाकून हातोडा उचलला आणि पुन्हा, तितक्याच शांतपणे, दोन्ही हातांनी उपेंद्रपुढे धरला.

"यहाँ नहीं. तुम्हारे पास."

उपेंद्रने तो टीव्हीवर ठेवला. तेव्हा कुठे पाहुणा खुर्चीवर बसला.

पिशवीतून कुंदासाठी लोकरीचे मोजे निघाले. लाल-काळ्या नक्षीचे, जाडजूड, त्याच्या आईने विणलेले. दुबईत असे मोजे घालून माणूस उकडून मेला असता. पण कुंदाने ते गालाला लावून पाहिले आणि म्हणाली, "अगं बाई, किती सुरेख वीण आहे!" मग आत जाऊन नवऱ्याला म्हणाली, "चार तुकडे आहेत. आता करू भांडण?"

तिने झटपट पिठलं टाकलं आणि ज्वारीच्या भाकऱ्या थापायला घेतल्या. भाकरी बडवल्याचा आवाज ऐकून दालिप उठून स्वयंपाकघराच्या दारात आला. टोपी काढून तिच्या हातांकडे बघत उभा राहिला. त्याच्या गावी मक्याची भाकरी करतात. पाच वर्षं त्याने इथल्या खुबूस रोटीवर आणि डाळीवर काढली होती. पहिली भाकरी ताटात पडली तेव्हा त्याने ती दोन्ही हातांनी मोडली आणि खाण्याआधी क्षणभर कपाळाशी नेली. कुंदाला भरून आलं. भरून आल्यावर ती एकच करते, ते म्हणजे आग्रह.

"और एक लो. अरे, कुछ खाया ही नहीं आपने."

दालिप घ्यायचा. दुसरी, तिसरी, चौथी. पाचव्या भाकरीला त्याने कमरेचा पट्टा सैल केला. सहाव्या भाकरीला उपेंद्र म्हणाला, "बघ, साईटवरचा माणूस आहे, खाणारच." सातवी त्याने पाण्याच्या घोटाबरोबर गिळली तेव्हा कपाळावर घाम आला होता. कुंदाने आठवी पुढे केली.

"आई, स्टॉप!" गणिताचं पुस्तक टाकून बाहेर आलेली रिद्धी ओरडली. "ही कान्ट से नो! लुक ॲट हिम!"

सगळेच थांबले. मग रिद्धीने पाहुण्याला इंग्रजीतून, अगदी शिक्षिकेसारखं, विचारून घेतलं आणि उलगडा झाला. त्याच्या डोंगरात ज्याच्या घरी आपण जेवतो, त्याने दिलेलं नाकारायचं नसतं. नकार दिला तर घराचा अपमान. आणि कुंदाच्या माहेरी तीनदा आग्रह केला नाही तर पाहुण्याचा अपमान. दोघांनी एकमेकांचा मान राखता राखता त्या भल्या माणसाचा जीव घ्यायचाच बाकी ठेवला होता. कुंदा तोंडावर पदर धरून हसू लागली आणि दालिपही, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईतो हसला.

जेवणानंतर उपेंद्रला पडायचं होतं. पण रिद्धीने विचारलं, त्यांचा देश नेमका कुठे आहे? तिच्या पुस्तकात तो नकाशावर नखाएवढा होता. "अँड हू रूल्ड यू?"

"कौन?" दालिप हसला. "बेटी, सब. पेन्सिल लाओ."

तिने आलेखाची वही आणली. त्याने डोंगर काढला नाही, देश काढला नाही. एक उंच चौकोनी घर काढलं, बुरुजासारखं, तीन मजली. त्याच्या घराण्याचं. दिब्रा नावाच्या मुलखात, डोंगराच्या कुशीत, जिथे हिवाळ्यात चार महिने रस्ता बंद असतो, तिथलं. मग खालपासून वर, एकेक थर दाखवत तो त्याच्या साईटवरच्या खिचडी हिंदीत सांगत गेला आणि अडलं तिथे रिद्धी सावरत गेली.

सगळ्यात खालचे दगड मोठे, घडीव. हे आमचे नाहीत, तो म्हणाला. वरच्या पडक्या किल्ल्यातून पणजोबाच्या पणजोबाने ओढत आणलेले. किल्ला कुणाचा? कुणी म्हणतं रोमचा, कुणी म्हणतं बायझंटाइन बादशहाचा. बादशहा गेले, दगड राहिले. त्यावरचा मजला तुर्कांच्या अमलातला, त्याला खिडकीच नाही. फक्त बंदुकीच्या नळीपुरती भोकं. पाचशे वर्षं सुलतान होता. पण त्याचा वसुलीवाला पायथ्याच्या गावापर्यंत यायचा, वर चढायचा तो विचार करूनच. त्याच सुलतानाच्या राजधानीतले पूल आणि मशिदी बांधायला मात्र याच डोंगरातले गवंडी महिना महिना पायी चालत जायचे. हातोडा खांद्यावर टाकून.

"हा तोच हातोडा?" उपेंद्रने विचारलं. झोप कुठल्या कुठे पळाली होती.

"लोहा दादाका. दांडा मेरा."

मग त्याने पेन्सिल आडवी धरून चित्रातल्या भिंतीवर काळा पट्टा काढला. एकोणीसशे तेरा. दूरच्या कुठल्या शहरात साहेब लोकांनी नकाशावर रेघ ओढली आणि गावाचा बाजार पलीकडच्या देशात गेला. गाव इकडे, मीठ-मिरची तिकडे. लोक उठले, सर्बियाच्या फौजेने घरं जाळली. हे घरही पेटलं. भिंत उभी राहिली. मग पहिलं महायुद्ध आलं, बल्गेरियन सैनिकांनी तळमजल्यावर घोडे बांधले. त्यांच्यामागून इटालियन आले. इथे, हा गुळगुळीत तुकडा दिसतो ना, ते त्यांचं सिमेंट. मग जर्मन. त्यांनी काही बांधलं नाही, ते फक्त गेले.

"हर बार जलाया," दालिप म्हणाला. "तीन बार. दीवार नहीं गिरा. मालूम क्यों?"

त्याने थरांच्या मधोमध जोडरेघा ओढल्या, शिडी आडवी ठेवावी तशा. लाकूड. दगडाच्या दर चार-पाच थरांनंतर भिंतीच्या आत लाकडाच्या पट्ट्या, एकमेकींना आडव्या तुकड्यांनी बांधलेल्या. भूकंप येवो, तोफ येवो, भिंत हलते पण सुटत नाही. जळलं तर आधी लाकूड बदलायचं, मग छप्पर. लाकूड विसरणारा गवंडी आमच्या गावात अजून जन्माला आलेला नाही, असं तो छातीवर हात ठेवून म्हणाला.

"और ये ऊपरवाला?" कुंदाने तिसऱ्या मजल्यावर बोट ठेवलं. तिथे त्याने नुसती ठिपक्यांची रेघ काढली होती.

ती पाहुण्यांची खोली होती. तिथे शेगडी कायम तयार असायची आणि भिंतीत एक खुंटी. पाहुणा दारात आला की आपली बंदूक यजमानाच्या हातात देणार, यजमान ती खुंटीला टांगणार. तेव्हापासून त्या माणसाचं बरं-वाईट सगळं घराच्या माथी. मुक्काम संपला की यजमान त्याला गावाच्या शिवेपर्यंत पोचवायला जातो आणि तिथे बंदूक परत देतो. मग जबाबदारी संपली. यालाच ते बेसा म्हणतात, दिलेला शब्द. पुढे कम्युनिस्टांचं राज्य आलं, घर सरकारी धान्याचं कोठार झालं, वरची खोली पाडली. तरी एका संध्याकाळी एक अनोळखी माणूस आला, दालिपच्या बापाने त्याला भाकरी दिली. सरहद्द ओलांडून पळणारा होता तो. तो कुठल्या दिशेने गेला, एवढंच पोलिसांनी विचारलं. बापाने सांगितलं नाही. सात वर्षं तुरुंगात काढली.

"फॉर अ स्ट्रेंजर?" रिद्धी म्हणाली.

"मेहमान, बेटी. स्ट्रेंजर दरवाज़ेके बाहर होता है."

उपेंद्र उठला. टीव्हीवरचा हातोडा त्याने नीट सरळ करून ठेवला, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. संध्याकाळी त्याने दालिपला बस स्टँडवर सोडलं आणि तिथे हातोडा दोन्ही हातांनी परत दिला. घरी येताना गाडीत एकटाच म्हणत राहिला, काय माणसं आहेत यार! पुढचे आठ दिवस ऑफिसात जो भेटेल त्याला तो त्या घराची गोष्ट सांगत होता.

साईटवरचं काम त्याच पद्धतीचं होतं. व्हिलाच्या मालकाला अंगणात डोंगरी दगडाची मजलिस, म्हणजे पाहुण्यांची बैठक, हवी होती. त्यासाठीच तर दालिपला या साईटवर आणलं होतं. तीन फूट जाडीच्या भिंती. लाकडासकट सगळी रीत कागदावर मांडून उपेंद्रनेच मंजूर करून घेतली होती. तीन भिंती झाल्या आणि लाकूड संपलं. पुढचा माल बंदरात अडकला, तीन आठवडे तरी लागणार होते. इकडे मालकाच्या मुलाचं लग्न महिनाअखेरीला.

"पश्चिमेची भिंत घे," उपेंद्रने सांगितलं. "लकड़ी छोड़ दो. अंदर सिमेंट डालेंगे."

"बिना लकड़ी?"

"हाँ बाबा."

"बिना लकड़ी?" दालिपने पुन्हा विचारलं.

"एकच भिंत आहे रे. कुछ नहीं होता."

दालिप दगडावर हात ठेवून उभा राहिला आणि तिसऱ्यांदा तेच विचारलं. उपेंद्रचा फोन वाजत होता. "मेरी जिम्मेदारी," तो म्हणाला, "यल्ला, चलो!" आणि फोन कानाला लावून निघून गेला. मागे वळून पाहिलं तेव्हा दालिपने पहिला दगड उचलला होता. एवढा हट्टी माणूस, पण आपलं ऐकतो, याचं उपेंद्रला बरंच वाटलं.

भिंत आठ दिवसांत उभी राहिली. शेजारच्या प्लॉटवर रोलर आला, जमीन दिवसभर थरथरत राहिली. पश्चिमेच्या भिंतीला आधी पोट आलं आणि सोमवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिचा बारा फुटांचा तुकडा खाली बसला. नशीब बलवत्तर म्हणून खाली कुणी नव्हतं. पाण्याचा कूलर तेवढा चेचला. लाकूड घातलेल्या तिन्ही भिंती जशाच्या तशा उभ्या होत्या.

हेड ऑफिसातून अनिलचा फोन आला. अनिल प्रोजेक्ट मॅनेजर, दादरचा, उपेंद्रचा पंधरा वर्षांचा दोस्त.

"कुणीतरी एक जाणार, उपेंद्र. मालक पेटलाय. तू कुठे लिहून दिलंयस का, लाकूड नको म्हणून?"

"तोंडी सांगितलं."

"मग खलास! रिपोर्टमध्ये लिही, गवंड्याने मंजूर पद्धत पाळली नाही. अरे, नोकरी गेली तर तीस दिवसांत देश सोडावा लागेल. रिद्धीचं दहावीचं वर्ष आहे, मी तुझ्यासाठीच सांगतोय. शनिवारी सकाळी सही करून घेऊन ये. त्यालाही नऊला बोलावलंय जबाबाला."

उपेंद्रने रिपोर्ट टाईप केला. पाच ओळींचा होता. कुंदाला त्याने एवढंच सांगितलं की गवंड्याच्या चुकीने भिंत पडली. सांगताना तो मोजे काढत होता, त्यामुळे तिच्याकडे बघायचा प्रश्न आला नाही.

आणि त्या शुक्रवारी दुपारी पुन्हा बेल वाजली.

तोच तपकिरी सूट, तीच पांढरी टोपी. सकाळी नऊला देऱ्याच्या हेड ऑफिसात पोचायचं तर मुसफ्फाहून तेवढ्या पहाटे बस नव्हती आणि अख्ख्या दुबईत दालिपच्या ओळखीचं हे एकच दार होतं. दालिपने फडकं सोडलं आणि हातोडा पुढे धरला. या वेळी उपेंद्रने तो दोन्ही हातांनी घेतला. तो चांगलाच जड लागला. कुंदाने भिंतीवरचं गणपतीचं कॅलेंडर काढलं आणि खिळा मोकळा करून दिला. रिद्धीने दांड्याला सुतळीचा फास बांधला. हातोडा तिथे टांगला गेला.

जेवताना कुंदाने दोन भाकऱ्या वाढल्या, तिसरी विचारली आणि थांबली. मग सरळच म्हणाली, "दालिपभाई, उस दीवार में लकड़ी क्यों नहीं डाला?"

दालिपने घास खाली ठेवला. "मेरा गलती, मैडम. मैं भूल गया. कल ऑफिस में बोलेगा."

"बट यू डोन्ट फर्गेट!" रिद्धी म्हणाली. "यू सेड सो. नोबडी इन युअर व्हिलेज..."

"बुड्ढा हो गया, बेटी." तो ताटाकडे बघत म्हणाला. खोटं बोलायची त्याला अजिबात सवय नव्हती. कान लालबुंद झाले होते.

आपण न मागता हा माणूस आपल्याला वाचवतोय, हे कळताक्षणी उपेंद्रच्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि ते उतरलं याचीच त्याला भयंकर लाज वाटली.

दालिप हॉलमध्ये नमाजाला उभा राहिला तेव्हा कुंदाने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

"अहो, खरं काय आहे?"

त्याने सांगितलं. सगळं.

"मी जबरदस्ती थोडीच केली?" तो शेवटी म्हणाला. "मोठा उस्ताद आहे तो. नाही म्हणायचं होतं सरळ."

कुंदा ओटा पुसत होती. पुसता पुसता तिचा हात थांबला.

"सात भाकऱ्या खाल्ल्या त्यांनी," ती म्हणाली. "आठवी मी वाढत होते. तुम्ही समोरच होतात ना?"

उपेंद्र खाली स्टुलावर बसला. दगडावर हात ठेवून तीनदा विचारणारा दालिप त्याला दिसला. आपण त्याला हुकूम दिला असं उपेंद्र समजत होता; खरं तर आपण त्याला वाढत होतो.

"मला भीती वाटते हो," कुंदा म्हणाली. "नोकरी जायला नकोय मला. दोन आठवड्यांवर परीक्षा आली पोरीची. काय करा ते मी सांगणार नाही. पण पुन्हा माझ्याशी खोटं बोलू नका."

संध्याकाळी बाल्कनीत चहा घेताना उपेंद्रने दालिपला विचारलं, का? खाली मशिदीशेजारी पोरं क्रिकेट खेळत होती. दालिपने कप कठड्यावर ठेवला.

"इस घर का रोटी खाया मैंने," तो म्हणाला. "घर गिरेगा तो मेहमान देखता रहेगा? तुम्हारा बेटी का इम्तिहान है. मेरा क्या? पाँच साल हो गया. पहाड़ जाएगा, ऊपरवाला कमरा बनाएगा." मग उपेंद्रच्या खांद्यावर थोपटून म्हणाला, "लकड़ी डालेगा, हबीबी. फ़िकर मत करो."

सकाळी निघताना कुंदाने भाकरी-चटणीचा डबा दिला. रिद्धी अभ्यास सोडून लिफ्टपर्यंत आली. बापाशी ती कालपासून बोलली नव्हती. उपेंद्रने खिळ्यावरचा हातोडा काढून मागच्या सीटवर ठेवला, त्याच्याशेजारी रिपोर्टची फाइल. सही अजून केलेली नव्हती. शिंदगाच्या बोगद्यातून गाडी खाडीपलीकडे निघाली. दालिप खिडकीतून उंच इमारती बघत होता आणि मधूनच एखादीकडे बोट दाखवून मान हलवत होता. गवंड्याची नजर ती, जाता जाताही काम बघत होती.

उपेंद्र मनातल्या मनात दिवस मोजत होता. परीक्षा संपायला बत्तीस. नोटीस आजची धरली तर तीस. दोन दिवस कमी पडत होते. त्याने पुन्हा मोजलं. पुन्हा दोनच कमी पडले.

ऑफिसच्या गेटपाशी त्याने गाडी लावली. नऊला दहा मिनिटं होती. दालिप उतरला, सूट झटकला, टोपी नीट केली. उपेंद्रने मागचं दार उघडून हातोडा आणि फाइल काढली. गेटच्या आत तीन पायऱ्या होत्या, वर काचेचं दार आणि त्याच्या आत अनिल, हातात चहाचा कप घेऊन.

दालिप पायरीशी थांबला. मागे वळून त्याने दोन्ही हात पुढे केले, तळवे वर.

"बस. यहाँ तक," तो हसून म्हणाला. "बहुत अच्छा घर है तुम्हारा. अब खलास."

हातोडा त्या हातांवर ठेवायचा, एवढंच राहिलं होतं. पुढचं सगळं दालिप करणार होता. उपेंद्रने त्या तळव्यांवरचे घट्टे पाहिले. मग हातोडा काखेत मारला, फाइलमधला टाईप केलेला कागद काढून त्याची चौघडी केली आणि खिशात कोंबली.

"अभी नहीं," तो म्हणाला. "गाव अजून संपलेलं नाही."

दालिपचे हात तसेच हवेत राहिले. त्याच्या बाजूने उपेंद्र पुढे झाला आणि आधी पायऱ्या चढला. वॉचमन धावत आडवा आला.

"साहब, ये हथौड़ा लेके अंदर कहाँ?"

"पाहुण्याचा आहे," उपेंद्रने मराठीतच सांगितलं आणि दालिपसाठी काचेचं दार उघडून धरलं.